डोक्यावरचा पत्रा मालकाचा, फुप्फुसातली धूळ कोणाची?

जनगणनेचा कर्मचारी दारात आला की घराच्या छपराचीही नोंद करतो. गवत-बांबू, कौल, दगड, काँक्रीट असे वेगवेगळे पर्याय त्याच्या यादीत असतात. जस्ताचा पत्रा, इतर धातूचा पत्रा आणि ॲस्बेस्टॉसचा पत्रा या तिघांना मात्र मिळून एकच पर्याय आहे. २०११ च्या जनगणनेत देशातली साधारण १६ टक्के कुटुंबे या एका रकान्यात मोजली गेली. त्यातली किती टिनाखाली राहतात आणि किती ॲस्बेस्टॉसखाली, हे त्या आकड्यावरून कुणालाच सांगता येत नाही. समाजशास्त्रात एम.ए. करताना जात का मोजली जात नाही यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले. छपराच्या या रकान्याकडे माझे लक्ष गेले ते लालबागला सिमेंटच्या पत्र्याखाली भाड्याने राहायला आल्यावर.

बोलण्यातही आपण हेच करतो. दोन्हीला पत्राच म्हणतो. फार तर 'टिनाचा' आणि 'सिमेंटचा' एवढा फरक. सिमेंटच्या पत्र्याचे लोक कौतुकच करतात: टिनाइतका तापत नाही, गंजत नाही, पावसात डोक्यावर ताशा वाजत नाही. हे सगळे खरे आहे. पण या पत्र्याला ताकद येते ती सिमेंटमध्ये मिसळलेल्या ॲस्बेस्टॉस नावाच्या खनिजाच्या तंतूंमुळे. प्रमाण साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. हे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक असतात, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जातात आणि शरीराला ते विरघळवता येत नाहीत. त्यातून फुप्फुस कडक करणारा ॲस्बेस्टॉसिस होतो, फुप्फुसाचा कर्करोग होतो, फुप्फुसाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. आणि हे दिसायला वीस, तीस, चाळीस वर्षे जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ॲस्बेस्टॉसचे सर्व प्रकार कर्करोगकारक ठरवले आहेत. ब्रिटनने १९९९ साली पूर्ण बंदी घातली, आज साठाहून अधिक देशांत बंदी आहे. आपण स्वतःच्या खाणी बंद केल्या आणि माल मुख्यतः रशियातून आणायला लागलो. पत्रे बनतच आहेत, विकले जातच आहेत.

आता मी या पत्र्याखाली कशी आले ते सांगते, कारण त्यालाही एक समाजशास्त्र आहे. माझे काम परळ-लालबाग-शिवडी भागात. खोली जवळ हवी होती. गिरगावात पाहिली, दादरला पाहिली. एजंट फोनवर गोड बोलतो आणि तिसऱ्या वाक्याला आडनाव विचारतो. आडनावावरून कळले नाही तर 'गाव कुठले', 'घरात नॉनव्हेज चालते का', 'देवघर कुठे ठेवणार' असे प्रश्न येतात. एका ठिकाणी टोकन देण्याच्या आदल्या रात्री घरमालकीणबाईंच्या 'भाच्याला अचानक खोली लागली'. हे भाचे मुंबईत फार आहेत. शेवटी जी खोली मिळाली ती चाळीच्या सर्वात वरच्या मजल्यावरची. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात बादल्या, म्हणून तिच्यासाठी रांग नव्हती आणि म्हणून आडनावाची चौकशीही नव्हती. भाडेबाजारात जात अशी काम करते. कोणी आपल्याला पत्र्याखाली ढकलत नाही, फक्त बाकीची दारे एकेक करून बंद होतात आणि जे उघडे राहते त्याच्यावर पत्रा असतो.

चाळीवर मूळ मंगलोरी कौले होती. गिरण्यांचा संप फसल्यानंतर केव्हातरी मालकाने कौले उतरवून सिमेंटचे पत्रे चढवले, असे मजल्यावरच्या काकू सांगतात. म्हणजे हे पत्रे चाळीस वर्षांच्या आसपासचे. त्या काळातल्या सिमेंटच्या पत्र्यात ॲस्बेस्टॉस आहे असे धरूनच चालावे. प्रयोगशाळेत तुकडा तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही, आणि तपासासाठी तुकडा तोडणे हाच धोका.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आपल्या चळवळीत भीती दाखवून लोकांना जागे करायची सवय आहे. धड असलेला, न फुटलेला, न घासलेला पत्रा डोक्यावर आहे म्हणून उद्या कर्करोग होत नाही. तंतू सिमेंटमध्ये अडकलेले असतात. ते सुटतात पत्रा फोडल्यावर, कापल्यावर, ड्रिल मारल्यावर, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडल्यावर, आणि वर्षानुवर्षे ऊन-पावसाने वरचे सिमेंट झिजल्यावर. शेजारचे दादा मला म्हणाले, "चाळीस वर्षे राहतोय मॅडम, काय झाले?" त्यांना मी घाबरवले नाही. घाबरलेला माणूस पहिली गोष्ट कोणती करतो? हातोडी घेऊन वर चढतो आणि पत्रा काढतो. म्हणजे चाळीस वर्षांत जितकी धूळ त्या घराने पाहिली नसेल तितकी एका दुपारी उडते. शिवाय जुना सिमेंटचा पत्रा माणसाच्या वजनाने फुटतो आणि माणूस थेट खाली येतो, तो धोका तर तीस वर्षे थांबत नाही.

म्हणून आमच्या मजल्यावर आम्ही काही नियम ठरवले. पत्र्याला भोक पाडायचे नाही. पंखा, वायर, कपड्यांची दोरी, जे टांगायचे ते लाकडी वाशाला. डिशवाल्याला गच्चीचा कठडा दाखवायचा, पत्रा नाही. पोटमाळ्यावर राखाडी भुकटी पडते ती झाडूने झाडायची नाही. आधी पाण्याचा फवारा, मग ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाकायचे. पिण्याच्या पाण्याचे पिंप झाकलेले, आणि पत्र्यावरून येणारे पागोळ्यांचे पाणी प्यायला किंवा स्वयंपाकाला नाही. मी आणि काकूंनी पत्र्याखाली प्लास्टिकच्या पट्ट्यांचे छत लावून घेतले, तेही वाशांना ठोकून. भेग पडली तर खरवडायचे नाही, वरून जाड रंगाचा हात द्यायचा. तोंडाला रुमाल बांधल्याने हे तंतू थांबत नाहीत, हेही सगळ्यांना सांगितले. आणि मजल्यावरच्या बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हेही, की ॲस्बेस्टॉस आणि तंबाखूचा धूर एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. यावर अर्थातच सगळे हसले.

इथवर लिहून थांबले असते तर हा लेख एखाद्या वर्तमानपत्राच्या गृहसजावट पुरवणीत छापून आला असता. 'घर सुरक्षित कसे ठेवाल' या मथळ्याखाली, शेजारी सोफ्याचे चित्र. या साऱ्या सल्ल्यात एक गृहीत दडलेले आहे: जो खाली राहतो त्याच्या हातात छप्पर आहे. भाडेकरूच्या हातात छप्पर नसते. छताला हात लावायचा अधिकार मालकाचा, आणि धूळ नेमकी तेव्हाच उडते जेव्हा तो अधिकार वापरला जातो.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. पावसाआधीची डागडुजी. आम्हाला कोणतीही सूचना नाही. सकाळी साडेनऊला वर धपाधप आवाज सुरू झाला. कंत्राटदाराने नाक्यावरून तीन पोरे आणली होती. फुटके पत्रे हातोडीने आणखी फोडून ते तुकडे घरगल्लीत टाकत होते. ज्यांना मुंबईची चाळ माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, घरगल्ली म्हणजे दोन चाळींच्या पाठींमधली अरुंद बोळ, जिथे मोऱ्यांचे आणि संडासांचे पाइप उतरतात आणि वरून सगळे काही पडते. काकूंनी भाताच्या पातेल्यावर ताट झाकले. समोरच्या खोलीतले दीड वर्षांचे पोर खोकत होते. मी वर ओरडून काम थांबवले आणि पोरांना खाली बोलावले. केस, भुवया, पापण्या पांढऱ्या. एकाने तोंडाला गमछा गुंडाळला होता, बाकी दोघांना तेवढेही नाही. त्यातला एक पाणी प्यायला दारात आला, भिंतीवरची बाबासाहेबांची तसबीर पाहिली आणि म्हणाला, "जयभीम ताई." परभणी जिल्ह्यातला. शेतात काम नाही म्हणून आलेला, वय वीस-बावीस.

दुसऱ्या दिवशी घरगल्ली झाडायला कंत्राटी सफाई कामगार आले. ते तुकडे त्यांनी खराट्याने ओढून, घमेल्यात भरून, डोक्यावरून नेले. ते कोण हे मी या वाचकांना सांगायची गरज नाही. जे पत्रे अखंड निघाले ते भंगारवाल्याने उचलले. असे जुने पत्रे पुन्हा विकले जाऊन झोपडपट्टीतल्या घरांवर चढलेले मी कामाच्या निमित्ताने पाहिले आहेत.

त्या दिवसापासून 'भाड्याच्या घरात ॲस्बेस्टॉससोबत सुरक्षित कसे राहावे' हा प्रश्न मला त्याच्या मूळ रूपात विचारता येत नाही. माझी खोली सुरक्षित झाली आणि धूळ त्या परभणीच्या पोराच्या फुप्फुसात गेली, तर ती सुरक्षितता आहे की शिवाशिवीचीच नवी पद्धत? घाण आपल्या अंगणातून काढायची आणि ती उचलायला दुसरी जात ठेवायची, हे या देशाला नवीन नाही.

परळच्या गिरण्यांची एक गोष्ट आपल्या पिढीने विसरू नये. अस्पृश्य कामगारांना विणाई खात्यात घेत नसत. चांगली मजुरी त्याच खात्यात होती. कारण काय, तर धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या थुंकीने धागा बाटला तर सवर्ण कामगार त्याला तोंड कसे लावणार? हिंदू मालकाच्या गिरणीत हे चाले आणि लाल बावट्याच्या युनियनलाही त्याचे फारसे वावडे नव्हते. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. ज्यांच्या तोंडातून आत-बाहेर होणाऱ्या गोष्टीची इतकी काळजी घेतली गेली, त्यांच्या फुप्फुसात काय जाते याची काळजी मात्र कुणी घेतली नाही. माझे वडील रिंग खात्यात होते. कापसाच्या तंतूंचा खोकला त्यांनी संपानंतरही शेवटपर्यंत काढला.

ॲस्बेस्टॉसचा इतिहासही मुंबईला जवळचा आहे. मुलुंडला सिमेंटच्या पत्र्यांचा कारखाना होता. घाटकोपरला ब्रेक लायनिंग वगैरे बनवणारा हिंदुस्थान फेरोडो, नंतरचा हिंदुस्थान कंपोझिट्स, हा टर्नर अँड न्यूऑल या ब्रिटिश कंपनीच्या सहभागाचा कारखाना होता. तिथल्या जुन्या कामगारांची तपासणी करून डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी २००५ साली अभ्यास प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी जवळपास चौथ्या हिश्श्याला ॲस्बेस्टॉसिस होता. त्या अभ्यासातली मला सर्वात महत्त्वाची वाटणारी गोष्ट आकड्याची नाही. त्यांनी लिहिले की हा आजार डॉक्टर टीबी किंवा जुनाट ब्रॉन्कायटिस म्हणून नोंदवतात, आणि त्यामागे अज्ञान आहे तसा मध्यमवर्गीय डॉक्टरांचा कामगारांविषयीचा वर्गीय पूर्वग्रहही आहे. आमच्या आरोग्य शिबिरात सफाई कामगारांच्या एक्स-रेवर डाग दिसला की टीबी हे उत्तर आधीच तयार असते. टीबी असतोही पुष्कळदा. पण 'तुम्ही काय काम करता, काय फोडता, काय झाडता' हा प्रश्न केसपेपरवर लिहिलेला मी अजून पाहिलेला नाही.

न्यायालयाने काही केले नाही असे नाही. कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कामगाराचे आरोग्य हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यातले जे उशिरा येईल तोवर ठेवायला सांगितले. कारण आजार उशिरा दिसतो हे न्यायालयाला कळले होते. आता त्या नाक्यावरच्या पोराचा विचार करा. त्याच्या कामाची चाळीस वर्षांची काय, चाळीस मिनिटांची नोंद नाही. कंत्राटदाराला त्याचे पूर्ण नाव माहीत नव्हते.

आणि कचऱ्याचा कायदा पाहा. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत टाकाऊ ॲस्बेस्टॉस यादीत आहे, पण ते कारखान्याच्या उत्पादनप्रक्रियेच्या सदराखाली. कारखान्याच्या फाटकाच्या आत तो घातक कचरा. तोच पत्रा चाळीस वर्षे गरिबाच्या डोक्यावर राहून फुटला की महापालिकेच्या भाषेत राडारोडा.

भाडेकरूचा कायदाही मी वाचून काढला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ सांगते की जागा चांगल्या दुरुस्तीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने केले नाही तर भाडेकरूंनी एकट्याने किंवा मिळून किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. वाचायला छान वाटते. पुढची ओळ वाचा: वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. काकूंची खोली पागडीची, भाडे महिना १४० रुपये. वर्षाचे १६८०. चौथा हिस्सा ४२०. त्यात एक पत्राही येत नाही, सुरक्षितपणे काढण्याचे तर सोडाच. माझे तर तेही नाही. मी ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे कायद्याच्या भाषेत मी भाडेकरूसुद्धा नाही. काकूंचे भाडे इतके कमी की हक्काला किंमत नाही, आणि माझे भाडे इतके जास्त असून हक्कच नाही. मालकाला दोन्हीकडून फायदा.

काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, अत्याचाराच्या एवढ्या केसेस पडल्या आहेत आणि तू पत्रे मोजत बसलीस. मी त्यांना मनमाडची आठवण देते. १९३८ साली रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांपुढे बोलताना बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले होते. आपण पहिल्यावर रोज लिहितो. दुसरा आपल्या घरगल्लीत तुकडे टाकून जातो तेव्हा आपल्याला तो दिसत नाही, कारण तो घोषणा देत नाही, नुसती डागडुजी करतो. आमच्या चाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर परळची बीआयटी चाळ आहे. १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे बाबासाहेब तिथे दोन खोल्यांत राहिले. चाळीतले जगणे हा त्यांना किरकोळ विषय वाटला असेल असे मला वाटत नाही.

आता पुनर्विकास येऊ घातला आहे. लालबाग-परळमध्ये एकामागून एक चाळ पाडली जाते आहे. बैठकांत सगळे चौरस फुटांवर, कॉर्पसवर, संक्रमण काळातल्या भाड्यावर भांडतात, आणि भांडलेच पाहिजे. पण मी जेवढे करारनाम्यांचे मसुदे पाहिले त्यांत जुने पत्रे, सिमेंटचे पाइप आणि टाक्या कशा काढणार यावर एक ओळ नव्हती. चाळ पाडताना धूळ शेजारच्या चाळीत जाते, शाळेत जाते, पाडणाऱ्या मजुरांत जाते. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की ही ओळ आपण मागून घ्यावी. करारावर सही करण्याआधी मागावी, नंतर कोणी विचारत नाही.

आम्ही मागितली. गेल्या वर्षी मार्चमध्ये मजल्यावरच्या पागडीवाल्या भाडेकरूंच्या सह्यांनी कलम १४ ची नोटीस गेली, मसुदा मी लिहिला. त्यात लिहिले की काम कधी होणार ते आठ दिवस आधी सांगा. पत्रे फोडू नका, पाणी मारून, बोल्ट सोडवून अखंड उतरवा. त्या दिवशी खालच्या खोल्या रिकाम्या ठेवण्याची सोय करा. मजुरांना बारीक धूळ अडवणारे खरे मास्क आणि अंगावर फेकून देता येतील असे कपडे द्या, कारण कामाचे कपडे घरी धुणाऱ्या बायकांनाही हे आजार झाल्याची उदाहरणे जगभर नोंदलेली आहेत. काढलेले पत्रे जाड प्लास्टिकमध्ये बांधा, घरगल्लीत टाकू नका, भंगारात विकू नका. मालकाचे मेहताजी भाडे घ्यायला आले तेव्हा म्हणाले, "आजपर्यंत असे कोणी मागितले नाही." काकू म्हणाल्या, "मग आता मागितले ना."

मे महिन्यात सर्वात खराब झालेले सहा पत्रे उतरवले. पाणी मारून, अखंड, पाच आणि एक अर्धा फुटलेला. मास्क आम्ही वर्गणी काढून आणले, मालकाने दिले नाहीत. मजूर वेगळे होते, परभणीचा पोरगा पुन्हा दिसला नाही. पत्रे प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावली. मग ते न्यायचे कुठे? एका कार्यालयाने सांगितले हा आमचा विषय नाही, राडारोडा उचलणाऱ्यांना विचारा. त्यांनी सांगितले ॲस्बेस्टॉस असेल तर आम्ही उचलत नाही, प्रदूषणवाल्यांना विचारा. तिथे सांगितले की आम्ही कारखान्यांचे पाहतो. तळोज्याला घातक कचरा शास्त्रीय पद्धतीने पुरण्याची जागा आहे, पण तिथवर सहा पत्रे कोणत्या कागदावर न्यायचे ते कोणालाच सांगता आले नाही.

पत्रे अजून जिन्याखाली आहेत. मुलांना त्यावर बसू देत नाही, आणि प्लास्टिक कुठे फाटले आहे का ते काकू दर रविवारी बघतात. माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे.